सम्मासति : नागसेनाची व्याख्या, मराठवाड्याची परंपरा आणि आधुनिक मानसशास्त्र

भगवान बुद्धांनी उपदेशिलेल्या आर्य अष्टांगिक मार्गातील सातवे अंग म्हणजे सम्मासति. आपल्या विहारांतून त्रिसरण-पंचशीलाबरोबर या मार्गाचे विवेचन होते, तेव्हा सम्मावाचा, सम्माकम्मन्त, सम्माआजीव या अंगांचा अर्थ बहुतेक उपासक-उपासिकांना सहज सांगता येतो. सम्मासतीपाशी मात्र उत्तर अडखळते. ‘सम्यक् स्मृती’ असा शब्दशः अनुवाद करता येतो; परंतु स्मृती कशाची आणि ती सम्यक् केव्हा ठरते, हा प्रश्न तसाच राहतो.

दुसरीकडे, गेल्या चार-पाच दशकांत हीच सति ‘माइंडफुलनेस’ या नावाने जगभर पोहोचली आहे. रुग्णालये, शाळा, तुरुंग आणि मोठमोठ्या कंपन्या यांतून तिचे वर्ग चालतात. तिच्या जोडीला ‘सकारात्मक मानसशास्त्र’ नावाची ज्ञानशाखा उभी राहिली असून, दुःखनिवारणाबरोबरच सुखी आणि समर्थ जीवनाचाही शास्त्रीय अभ्यास व्हावा असा तिचा आग्रह आहे. आपल्या समाजातील शिकलेल्या तरुणांच्या हाती हा विचार आता परदेशी पुस्तकांतून आणि मोबाइलवरून येतो. त्यामुळे दोन प्रश्न उपस्थित होतात. पहिला असा की, या विचाराचा आपल्या धम्मपरंपरेशी नेमका संबंध काय? दुसरा अधिक गंभीर आहे. ज्यांच्यावर जातिव्यवस्थेने शतकानुशतके दुःख लादले त्यांना ‘मन शांत ठेवा, चांगल्याचा विचार करा’ असे सांगणे म्हणजे अन्याय निमूटपणे सोसा असेच सांगणे नव्हे काय? या दोन्ही प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात इतिहासाच्या आधारे करावयाचा आहे.

नागसेनाची व्याख्या

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, या शहरात या विषयाचा आरंभ नागसेनापासून करणे सर्वथा उचित होय. पूज्य बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. पुढे हे महाविद्यालय ‘मिलिंद’ या नावाने आणि त्याचा परिसर ‘नागसेनवन’ या नावाने ओळखला जाऊ लागला. ज्या प्रदेशात उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हती आणि ज्या समाजाला अक्षरओळखही नाकारलेली होती, त्याच्या मुलांसाठी बाबासाहेबांनी ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादाचा आदर्श निवडला. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू यांच्यात येथे निर्णय अधिकाराने होत नाही, युक्तिवादाने होतो.

त्याच ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात सतीची एक अत्यंत नेमकी व्याख्या आढळते. सतीचे लक्षण काय, असे मिलिंद राजा विचारतो आणि नागसेन दोन लक्षणे सांगतो. पहिल्याचे पालि नाव ‘अपिलापन’. मनाला वरवर तरंगू न देणे, जे आहे त्याची पुन्हापुन्हा आठवण करून देणे, असा त्याचा आशय आहे. दृष्टान्त राजाच्या भांडारिकाचा आहे. हा अधिकारी राजाला सकाळ-संध्याकाळ त्याच्या वैभवाची मोजदाद ऐकवतो : इतके हत्ती, इतके घोडे, इतके रथ, इतके पायदळ, इतके सुवर्ण. त्याचप्रमाणे सति मनाला कुशल काय आणि अकुशल काय, सदोष काय आणि निर्दोष काय, हे स्मरण करून देते. दुसरे लक्षण ‘उपग्गण्हन’, म्हणजे हितकर ते निवडून धरणे. येथे दृष्टान्त चक्रवर्ती राजाच्या परिणायक-रत्नाचा, म्हणजे चतुर सल्लागाराचा आहे. कोणती गोष्ट राजाच्या हिताची आणि कोणती अहिताची, हे तो ओळखतो. हिताची स्वीकारावयास आणि अहिताची दूर करावयास सांगतो.

या व्याख्येतून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की सति ही केवळ वर्तमान क्षणाकडे पाहणे नसून तीत आठवण अंतर्भूत आहे. याच ग्रंथात अन्यत्र स्मृती कोणकोणत्या प्रकारांनी जागी होते याची तपशीलवार यादी येते, ती याच अर्थाची साक्ष देते. दुसरी गोष्ट, सति निवड करते. तिला हित-अहिताचे भान असते. तिसरी गोष्ट, भांडारिक राजाला त्याच्याकडे जे नाही त्याची नव्हे, तर जे आहे त्याची आठवण देतो. मनुष्याला आपल्या ठायी असलेल्या बळाचे स्मरण ठेवता आले पाहिजे, हा विचार नव्या मानसशास्त्राने मांडण्यापूर्वी सुमारे दोन हजार वर्षे नागसेनाच्या मुखी आलेला आहे.

गृहस्थांची सति

सति ही अरण्यात बसलेल्या भिक्खूंचीच साधना होती, असा समज पुष्कळांचा असतो. सतिपट्ठान सुत्तात काया, वेदना, चित्त आणि धम्म अशी चार स्मृतिस्थाने सांगितली असून ते सुत्त भिक्खूंना उद्देशून आहे, हे खरे. परंतु निकायग्रंथांत गृहस्थजीवनातील सतीची उदाहरणेही आहेत आणि ती विलक्षण बोलकी आहेत.

संयुत्त निकायात कोसलराज पसेनदीची कथा आहे. हा राजा द्रोणभर भात जेवून धापा टाकीत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला उपदेश केला तो एवढाच, की जो सतीने जेवतो आणि मिळालेल्या अन्नाचे प्रमाण जाणतो, त्याच्या वेदना कमी होतात आणि त्याचे आयुष्य जपले जाते. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करावयास लावली आणि रोज जेवताना ती म्हणून दाखविण्याचे काम त्याला दिले. हळूहळू राजाचा आहार द्रोणावरून नाळीभर भातापर्यंत खाली आला, शरीर हलके झाले आणि तो प्रसन्न झाला. रोजच्या जीवनातील एका साध्या सवयीवर सतीचा प्रयोग आणि त्यासाठी दुसऱ्या माणसाची मदत, असे हे प्राचीन उदाहरण आहे.

त्याच निकायातील सेदक सुत्त आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. त्यात बांबूवर कसरत करणारा एक खेळकरी आपल्या शिष्याला खांद्यावर चढवतो. आपल्याकडच्या डोंबाऱ्याच्या खेळाची आठवण व्हावी असे ते दृश्य आहे. मूळ पालीत या खेळकऱ्यासाठी ‘चंडालवंसिक’ हा शब्द आहे. गुरू म्हणतो की तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. शिष्य उत्तर देतो की असे नव्हे, आपण आपापला तोल सांभाळू, तरच खेळ नीट पार पडेल. भगवंतांनी शिष्याचे म्हणणे योग्य ठरविले आणि त्यात भर घातली : सतीच्या अभ्यासाने स्वतःचे रक्षण करणारा इतरांचे रक्षण करतो, आणि क्षमा, अहिंसा, मैत्री व करुणा यांनी इतरांचे रक्षण करणारा स्वतःचेही रक्षण करतो. आत्मरक्षण आणि परस्पररक्षण एकमेकांपासून तोडता येत नाहीत, हा या सुत्ताचा निष्कर्ष होय. आणि तो सांगण्यासाठी तथागतांनी यज्ञमंडपातील पुरोहिताचा नव्हे, रस्त्यावर पोट भरणाऱ्या कसरतपटूचा दाखला घेतला, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

मराठवाड्याच्या लेण्यांची साक्ष

ही गृहस्थपरंपरा आपल्या भूमीत दगडावर कोरलेली आहे. कन्नड तालुक्यातील पितळखोरा येथील लेणी सातवाहनकाळातील. तेथील शिलालेखांतून दात्यांची जी नावे मिळतात, त्यांत प्रतिष्ठान म्हणजे पैठण येथील गांधिक कुळातील मितदेव आहे, तसेच मगिल नावाचा राजवैद्य आणि त्याचे कुटुंबीय आहेत. तेथेच सापडलेल्या एका यक्षमूर्तीवर ती कण्हदास नावाच्या सुवर्णकाराने घडविल्याचा लेख आहे. सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, वैद्य आणि सोनार ही या भूमीतील धम्माची माणसे होत. व्यापार, चिकित्सा आणि कारागिरी करीत असतानाच त्यांनी ध्यान व अध्ययन करणाऱ्या भिक्खूंच्या निवासाचा भार उचलला.

शहराच्या उत्तरेस डोंगरात असलेली, लोक ज्यांना बुद्धलेणी म्हणतात ती लेणी मुख्यतः इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या आसपासची. त्यांतील चैत्यगृह त्याहून पुष्कळ जुने. तिसऱ्या लेण्याच्या गाभाऱ्यात बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकून बसलेल्या स्त्री-पुरुषांची जवळजवळ पूर्णाकृती शिल्पे आहेत. त्यांचे अलंकार आणि केशरचना पाहता ती गृहस्थ उपासकांची आहेत हे उघड आहे. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराच्या दोन्ही बाजूंस अष्टमहाभये कोरलेली आहेत : आग, शस्त्रधारी लुटारू, बेड्या, बुडणारे जहाज, सिंह, साप, हत्ती आणि मृत्यू. या शिल्पामागील महायान श्रद्धेचा प्रश्न येथे बाजूला ठेवू. शिल्पकाराने ‘भय’ अशी एकच अस्पष्ट आकृती न कोरता प्रत्येक भय वेगळे करून त्याला स्वतंत्र चौकट दिली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. सतिपट्ठानातील धम्मानुपस्सनेची पद्धतीही अशीच आहे. कामच्छंद, व्यापाद, आळस, अस्वस्थता आणि संशय या पाच नीवरणांपैकी मनात या क्षणी कोणते आहे, ते कसे उत्पन्न झाले आणि कसे दूर होते, हे तेथे एकेक करून जाणावयाचे असते. ज्याचे नाव घेता येते, त्याच्याशी सामना करता येतो.

मराठीतील पुनरागमन

मध्यंतरीच्या शतकांत महाराष्ट्रातून संघ नाहीसा झाला आणि लेणी वटवाघळांची वसतिस्थाने झाली. आधुनिक काळात मराठी वाचकाला पालि ग्रंथांतील ध्यानपद्धतीची ओळख करून दिली ती गोव्याच्या साखवाळ गावी १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी. श्रीलंका आणि ब्रह्मदेश येथे जाऊन त्यांनी पालि व बौद्ध साधना यांचा अभ्यास केला. ध्यानमार्गाचा महाग्रंथ जो ‘विसुद्धिमग्ग’, त्याच्या संपादनासाठी ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात जाऊन राहिले. आणि ‘समाधिमार्ग’ या मराठी पुस्तकातून त्यांनी तो विषय सामान्य वाचकासाठी मांडला.

परंतु ग्रंथातील विषयाला लक्षावधी लोकांच्या जीवनाचा विषय केले ते १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेने. बावीस प्रतिज्ञांत अष्टांगिक मार्गाच्या आचरणाची प्रतिज्ञा आहे. म्हणजे सम्मासतीचे आचरण हे दीक्षितांसाठी ऐच्छिक राहिलेले नाही. १९५७ साली प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सम्मासतीचे जे विवेचन केले त्याचा गाभा मनाची अखंड जागृती हा आहे. दुष्ट वासनांवर मनाने केलेला पहारा, असे ते तिच्याकडे पाहतात. बौद्ध जीवनमार्गाचे वर्णन करताना विचारशीलता व स्मृती यांना त्यांनी स्वतंत्र स्थान दिले आणि त्याला लागूनच जागरूकता, तत्परता आणि धैर्य यांचा विचार केला. ही जोडणी अर्थपूर्ण आहे. धैर्याला पारखी झालेली स्मृती त्यांना अभिप्रेत नव्हती.

पुढे महाराष्ट्रात ध्यानाचे दोन प्रवाह विशेष वाढले. सत्यनारायण गोयंका यांनी जुलै १९६९ मध्ये मुंबईत पहिले विपश्यना शिबिर घेतले आणि १९७६ साली इगतपुरी येथे धम्मगिरी केंद्र उभे राहिले. त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते आणि आपल्या कार्यालयातील कर्मचाऱ्यांनाही ध्यान शिकवीत असत. दुसरा प्रवाह भिक्खू संघरक्षित यांचा. ते बाबासाहेबांना प्रत्यक्ष भेटलेले होते आणि महापरिनिर्वाणानंतर शोकाकुल समाजात त्यांनी धम्मप्रवचने दिली. त्यांचे शिष्य लोकमित्र यांनी पुण्यातून त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाचे कार्य उभे केले. त्यात आनापानसति आणि मेत्ताभावना यांचा अभ्यास शिक्षण-आरोग्याच्या सामाजिक कामाबरोबर चालत आला.

या प्रवाहांविषयी आपल्या समाजात मतभेद झाले आणि ते आजही आहेत. ध्यानावर भर दिल्याने चळवळ मागे पडते, दहा दिवस मौन पाळणारा कार्यकर्ता अत्याचाराच्या प्रसंगीही मौन पाळील, अशी टीका झाली. उलट बाजूने असेही म्हटले गेले की मनाची शिस्त नसलेली चळवळ फुटीने आणि अहंकाराने खचते. गेल्या काही दशकांचा इतिहास पाहता दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करावे लागेल.

पाश्चात्त्य जगातील प्रवास

सतीचा पश्चिमेकडील प्रवास भाषांतरापासून सुरू झाला. पालि पंडित ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ साली प्रसिद्ध झालेल्या सुत्तांच्या अनुवादात सम्मासतीसाठी ‘माइंडफुलनेस’ हा शब्द योजला आणि तोच रूढ झाला. ब्रह्मदेशात लेदी सयाडो आदी आचार्यांनी गृहस्थांना ध्यान शिकविण्याची प्रथा वाढविली होती. १९७० च्या सुमारास बुद्धगयेला येऊन गोयंका व मुनींद्र यांच्याकडे शिकलेल्या अमेरिकन तरुणांनी ही विद्या मायदेशी नेली. १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट वेदना आणि ताण यांनी त्रस्त झालेल्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. धर्माची परिभाषा त्यांनी बाजूला ठेवली. जाणीवपूर्वक, वर्तमान क्षणी, कोणताही निवाडा न करता लक्ष देणे, असा अर्थ त्यांनी या शब्दाला दिला.

१९९८ साली मार्टिन सेलिग्मन हे अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष झाले. मानसशास्त्राने केवळ विकारांचा अभ्यास न करता मनुष्याची बलस्थाने, आशा, कृतज्ञता आणि जीवनाची अर्थपूर्णता यांचाही अभ्यास करावा, अशी भूमिका त्यांनी मांडली. २००४ साली त्यांनी आणि ख्रिस्तोफर पीटरसन यांनी मानवी चारित्र्यातील चोवीस गुणांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. २००५ सालच्या एका प्रयोगात लोकांना आठवडाभर रोज रात्री दिवसातील तीन चांगल्या घटना आणि त्यांची कारणे लिहावयास सांगितली होती. त्याचा परिणाम काही महिने टिकल्याचे आढळले.

या पद्धतींचा उपयोग किती, याचेही मोजमाप झाले आहे. नैराश्याचे तीन किंवा अधिक झटके येऊन गेलेल्या रुग्णांवरील, २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सतीवर आधारित उपचार घेणाऱ्यांपैकी ३७ टक्क्यांना पुन्हा नैराश्य आले, तर केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ६६ टक्के होते. २०१४ साली ४७ चाचण्या आणि ३,५१५ व्यक्ती यांच्या एकत्रित परीक्षणात चिंता, नैराश्य आणि शारीरिक वेदना यांवर मर्यादित पण खरा लाभ दिसला. मात्र औषधे किंवा व्यायाम यांहून ध्यान श्रेष्ठ असल्याचा पुरावा मिळाला नाही. चमत्काराची भाषा करणाऱ्यांनी आणि सर्वच थोतांड ठरविणाऱ्यांनी या आकड्यांकडे लक्ष द्यावे.

नागसेनाच्या व्याख्येशी ताडून पाहता नव्या विचाराचे बळ आणि उणीव दोन्ही दिसतात. सकारात्मक मानसशास्त्राने भांडारिकाचे काम उचलले आहे. सम्मावायामाच्या चार अंगांपैकी न आलेले कुशल उत्पन्न करणे आणि असलेले वाढविणे, या दोन अंगांचा त्याने चांगला अभ्यास केला. परंतु निवाडा न करणारे लक्ष एवढीच सति मानली, तर परिणायक-रत्नाला रजा मिळते. पालि ग्रंथांत ‘मिच्छासति’ असाही शब्द आहे, याचा फार थोडे लोक विचार करतात. चोरही एकाग्र असतो आणि सावकाराचा कारकूनही स्मरणशील असतो. मज्झिम निकायातील महाचत्तारीसक सुत्तात सम्मादिट्ठी, सम्मावायाम आणि सम्मासति ही तीन अंगे एकमेकांभोवती फिरत एकत्र चालतात असे सांगितले आहे. दृष्टीपासून तोडलेली सति नफ्याची सेवा करू शकते. खुद्द पश्चिमेतही रोनाल्ड पर्सर यांच्यासारख्या अभ्यासकांनी ‘मॅकमाइंडफुलनेस’ या उपहासात्मक नावाने हाच आक्षेप घेतला आहे : कामाचे तास आणि अन्याय तसेच ठेवून कामगारालाच शांत व्हावयास सांगितले जाते.

दोन बाणांचा प्रश्न

आता आरंभीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. संयुत्त निकायातील सल्लत्थ सुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. अशिक्षित मनुष्याला शारीरिक वेदना होते, हा पहिला बाण. मग तो शोक करतो, छाती पिटतो, हा दुसरा बाण. शिकलेल्या आर्यश्रावकाला एकच बाण लागतो. हा दृष्टान्त आजकाल वारंवार सांगितला जातो आणि बहुधा अर्धाच सांगितला जातो.

पहिला बाण कोणी मारला, हे विचारण्यास या सुत्ताने कोठेही मनाई केलेली नाही. म्हातारपण आणि व्याधी हे बाण निसर्गाचे आहेत. पाणवठ्यावरची बंदी, शिवी, वसतिगृहातील अवहेलना, गुणवत्तेविषयीचा टोमणा हे बाण माणसाच्या हातून सुटतात. ते थांबविण्याचा मार्ग कायदा, संघटन आणि संघर्ष हाच आहे. बाबासाहेबांनी महाडच्या पाणीप्रश्नावर १९२७ साली सत्याग्रह केला, लोकांना आपली तहान विसरण्याचा उपदेश केला नाही. २०१६ साली हैदराबादेत रोहित वेमुला आणि २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूंनी उच्च शिक्षणसंस्थांतील जातीय अवहेलनेचा प्रश्न देशापुढे उभा केला. अशा संस्थांत तक्रार निवारणाची यंत्रणा दुबळी ठेवून केवळ ध्यानाचा वर्ग भरविणे म्हणजे बाण मारणाऱ्याला मोकळे सोडून जखमीला धीर धरावयास सांगणे होय. हे सम्मासतीचे नाव घेऊन कोणी करीत असेल, तर त्याला आपण स्पष्ट विरोध केला पाहिजे.

तथापि दुसरा बाण खोटा ठरत नाही. अपमान करणारा निघून जातो, पण अपमान मनात घर करतो. आपणच कमी आहोत असे मन स्वतःलाच सांगू लागते. जातिव्यवस्थेची खरी शक्ती येथे आहे, कारण मग तिला पहारेकऱ्याची गरज उरत नाही. हा बाण कोणताही कायदा काढू शकत नाही. तो मनातून कसा शिरतो हे पाहणे आणि त्याचे विष आपले नव्हे हे ओळखणे, हे सतीचे काम आहे. म्हणून पहिल्या बाणाविरुद्धचा संघर्ष आणि दुसऱ्या बाणाविषयीची जागृती यांत विरोध नसून ज्याला पहिला दीर्घकाळ लढावयाचा आहे त्याला दुसरीची अधिकच गरज आहे.

याचे उदाहरण या शहरानेच पाहिले आहे. विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर गावोगाव दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. या सुमारे साडेपंधरा वर्षांत घरे गमावलेल्या, शिक्षण तुटलेल्या माणसांनी मागणी सोडली नाही. अभिधम्माच्या काटेकोर अर्थाने याला सति म्हणता येणार नाही. परंतु मनाला वरवर तरंगू न देणे, जे हिताचे ते धरून ठेवणे, ही नागसेनाची दोन्ही लक्षणे सामूहिक जीवनात कशी दिसतात, हे समजून घेण्यासाठी नामांतराच्या लढ्याकडे अवश्य पाहावे.

दैनंदिन आचरण

इतिहास समजून घेतल्यावर तो स्वतःच्या जीवनाला लावणे क्रमप्राप्त आहे. त्यासाठी शिबिर, केंद्र किंवा खर्च अनिवार्य नाही.

पहिली गोष्ट भांडारिकाची. सकाळी आणि रात्री प्रत्येकी दहा मिनिटे आपल्या ठायी असलेल्या बळाची मोजदाद करावी : आज कोणते शील पाळले, कोणाला मदत केली, कोणाची मदत मिळाली, काय शिकलो. ‘तीन चांगल्या घटना’ लिहिण्याच्या आधुनिक प्रयोगाशी हे जुळते. फरक एवढाच की आपण त्यात कुशल कर्माला सुखद घटनेपेक्षा वरचे स्थान द्यावे. आईवडिलांचे कष्ट आणि चळवळीचे ऋण यांचे स्मरण याच मोजदादीत येते.

दुसरी गोष्ट आनापानसति. शांत बसून श्वास येतो-जातो तो जाणावा. मन भरकटले की राग न धरता परत आणावे. परीक्षेच्या आधी, मुलाखतीच्या दारात, भांडणाच्या क्षणी दोन-चार श्वास जाणण्याची सवय असेल, तर तोंडातून जाणारा शब्द आपल्या ताब्यात राहतो.

तिसरी गोष्ट वेदनेची. राग आला की शरीरात काय होते, छाती कशी आवळते, हे पाहावे. मग स्वतःला विचारावे की हा राग कोणत्या बाणाचा आहे. पहिल्या बाणाचा असेल, तर अर्ज, साक्षीदार, संघटना यांची तयारी करावी. दुसऱ्या बाणाचा असेल, तर तो आपणच मनात खुपसून घेत आहोत हे ओळखावे. बहुतेक वेळा दोन्ही मिसळलेले असतात. ते निवडणे हेच परिणायकाचे काम.

चौथी गोष्ट पसेनदीची. एक सवय निवडावी : तंबाखू, मद्य, अतिरिक्त खाणे किंवा मोबाइलमध्ये जाणारे रात्रीचे तास. सुदस्सनासारखा एक आठवण देणारा माणूस घरातच नेमावा. तो पती, पत्नी किंवा मूलही असू शकेल. विहारात महिन्यातून एकदा अशा प्रयत्नांची मोकळी चर्चा व्हावी.

पाचवी गोष्ट मेत्तेची. स्वतःपासून आरंभ करून आप्त, अनोळखी आणि शेवटी विरोधक यांच्याविषयी मैत्री भावावी. विरोधकाविषयी मैत्री म्हणजे त्याच्या कृत्याला संमती नव्हे, तर त्याच्या द्वेषाने आपले मन व्यापू न देण्याचा निश्चय होय.

एक सावधगिरीही आवश्यक आहे. ज्याला दीर्घकाळ झोप लागत नाही, ज्याला जगणे नकोसे वाटते, ज्याच्या मनात भयंकर प्रसंग पुन्हापुन्हा उसळतात, त्याने एकट्याने ध्यानाचा भार उचलू नये. त्याने मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे आणि घरच्यांनी त्याला लाज न वाटू देता न्यावे. पितळखोऱ्याच्या दात्यांत राजवैद्याचे नाव आहे. धम्म आणि वैद्यक यांत विरोध मानण्याचे कारण नाही.

समारोप

सम्मासति पश्चिमेकडून आलेली नाही आणि ती केवळ अरण्यातील साधकांचीही नाही. कोसलच्या राजाच्या ताटापाशी, कसरतपटूच्या बांबूवर, पैठणच्या व्यापाऱ्याच्या घरी आणि नागसेनवनातील विद्यार्थ्याच्या टेबलापाशी तिचे स्थान आहे. आधुनिक मानसशास्त्राने तिचे जे मोजमाप केले त्याचा आपण आदराने स्वीकार करावा. तिच्यातून दृष्टी आणि शील वगळले गेले आहे, तेथे ते परत आणावे. ज्या समाजाची स्मृतीच पुसून टाकण्याचा प्रयत्न झाला, त्याने स्मृतीला मार्गाचे अंग मानणाऱ्या धम्माचा स्वीकार केला आहे. तेव्हा प्रत्येक उपासक-उपासिकेने आजच्या रात्रीपासून ती दहा मिनिटांची मोजदाद सुरू करावी आणि येत्या पौर्णिमेला विहारात आपला अनुभव एकमेकांना सांगावा.